डावी कूस

पहिल्यांदा झालं तेव्हा मी अर्धवट झोपेत होते. सकाळी नळाला पाणी येण्याच्या सुमारास मला जाग येते. त्या दिवशी उठायच्या आधी जरा डाव्या कुशीवर वळले आणि सगळी खोली निखळली. पत्रा, पंखा, देवाचा फोटो, सगळं एका बाजूनं वर चढायला लागलं आणि माझ्या डोक्यावरून पलीकडे उतरायला लागलं. मी पलंगाचा लोखंडी गज दोन्ही हातांनी धरला. डोळे मिटले तर आत आणखी जोरात फिरत होतं. मला वाटलं, भूकंप झाला. मग बाहेर कंपनीच्या बसचा हॉर्न ऐकू आला. मागच्या खोल्यांतली भाडेकरू पोरं नळावर रोजच्यासारखी भांडत होती. म्हणजे जमीन जागेवर होती. फिरत होते ती मीच.

थोड्या वेळानं थांबलं. अंग घामानं भिजलं होतं. भिंत धरत मोरीपर्यंत गेले आणि ओकले. पित्त असेल, असं स्वतःला सांगितलं. पण ते पित्त नव्हतं हे मला तेव्हाच कळलं होतं, कारण ही गोष्ट मी आधी पाहिलेली होती.

माझी सासू गोठ्याकडे जाताना भोवळ येऊन पडली. त्याआधीही काही दिवस ती म्हणायची, घर फिरतंय. कुणी लक्ष दिलं नाही. पडल्यावर तिचं कमरेचं हाड मोडलं की तिला लकवा मारला, ते कुणी नीट सांगितलंच नाही. ती परत उठली नाही एवढंच. याच खोलीत, याच भिंतीला लागून ती कितीतरी वर्षं पडून होती. तिला भांडं मी लावायची, पुसायची मी, पाठीच्या जखमांना मलम मी. एकदा ती म्हणाली, "मला उचलून बाहेर नेऊन टाक." मी नेलं नाही. एकटीला उचलवत नव्हती.

मरणाची भीती वाटत नाही असं पुष्कळ म्हातारी माणसं म्हणतात. मला वाटते, पण बेतानं. जास्त भीती मला भिंतीकडच्या त्या जागेची आहे.

म्हणून मी कुणाला सांगितलं नाही. सांगायला घरात होतं तरी कोण? नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मोशीच्या जुन्या गावठाणात आमचं घर आहे, पुढं अंगण, मागं भाड्याच्या खोल्या. अंगणाच्या पलीकडे माझी धाकटी जाऊ राहते. मुलगा आणि सून वाकडला, चौदाव्या मजल्यावर. सुनेची नोकरी हिंजवडीला आहे, तिला ते जवळ पडतं. मुलगा दर रविवारी यायचा आणि चहा पिऊन झाला की विचारायचा, "मग, कधी येतेस राहायला?" त्याला चक्कर सांगितली असती तर त्यानं विचारलं नसतं, सामान बांधलं असतं. तिकडे दिवसभर दार लावून घ्यायचं, सांभाळायला एक बाई ठेवायची, आणि खिडकीतून दुसऱ्यांच्या खिडक्या बघायच्या. पडून राहायची ती सुरुवातच. पलंग तेवढा चांगला मिळाला असता.

मी माझी सोय लावली. चक्कर डाव्या कुशीवर येते हे पहिल्या आठवड्यातच लक्षात आलं. मग डावी कूस बंद. पलंग सरकवून डावी बाजू भिंतीला लावली. झोपेत चुकून वळू नये म्हणून मधे गोधडीची वळकटी कोंबली. मान वर केली तरी व्हायचं, म्हणून फळीवरचे डबे खाली जमिनीवर आणले. कपडे वाळत घालायची दोरी इतकी खाली बांधली की लुगड्याचे काठ फरशीला लागायचे. केस धुताना डोकं खाली घालायचं नाही, सरळ बसून तांब्या ओतायचा. चालताना भिंतीला हात. महिन्याभरात पांढऱ्या भिंतीवर माझ्या हाताचा एक काळपट पट्टा उमटला, पलंगापासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून दारापर्यंत. घरात कुणीतरी आजारी आहे, हे भिंत सांगत होती.

नाक्यावरच्या डॉक्टरकडे गेले. तो आमच्या गावचा जुना. त्यानं हाताला पट्टा गुंडाळून फुगवला आणि म्हणाला, "बीपी थोडं वर आहे, आजी." गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी चक्कर गेली नाही, नुसती झोप यायला लागली. परत गेले तर म्हणाला, मानेचे मणके झिजले असतील. गळ्याला पट्टा दिला. तो घालून मी अंगणात आले तर जाऊ म्हणाली, "आक्का, बैलाला घुंगुरमाळ घालावी तसं काय घातलंस?"

"फॅशन हाय," मी म्हणाले.

"मान आखडली व्हय?"

"व्हय. तुझ्याकडं बघून बघून."

पण पट्टा बघितल्यावर तिनं मुलाला फोन केला. ती काही वाईट बाई नाही. तिच्या पोटात काही राहत नाही, एवढंच.

मुलानं मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या मेंदूच्या डॉक्टरनं मशीनमधून फोटो काढायला सांगितलं. त्या मशीनबद्दल मी फार बोलत नाही. मला उताणं झोपवलं, डोक्याला पिंजऱ्यासारखं काहीतरी लावलं आणि हातात एक रबरी फुगा दिला. भीती वाटली तर दाबा म्हणाले. मला उताणं झोपवू नका, असं मी सांगत होते, पण सगळे घाईत होते. फळी आत सरकली आणि आतल्या आत मी गरगर फिरायला लागले. डोकं हलवायला जागा नाही, धरायला गज नाही. वरून ठोकल्यासारखे आवाज. मला वाटलं, आता डोक्यातली शीर तुटते आणि हे लोक मला तशीच बाहेर काढतील, अर्धं अंग गेलेली. मी फुगा दाबला. कुणीतरी माईकवरून म्हणालं, "झालंच आजी, हलू नका." मी तो सोडलाच नाही. नंतर मशीनवरच्या मुलीनं माझी बोटं एकेक करून सोडवली.

फोटो स्वच्छ आला. मुलगा खूश झाला. "आई, मेंदूत काही नाही तुझ्या."

"ते तुझा बाप लग्नापासून सांगत होता," मी म्हणाले.

डॉक्टरनं जाता जाता सांगितलं होतं, एकदा कानाच्या डॉक्टरला दाखवा. आम्ही ते सोडून दिलं. माझे कान ठणठणीत होते. अंगणापलीकडे जाऊ फोनवर माझ्याबद्दल कुजबुजली तरी मला ऐकू येतं. कान दाखवून काय करायचं? मेंदूत काही नाही आणि खोली तर फिरतेय, तेव्हा हे काहीतरी डॉक्टरांना न सापडणारं आहे, असं मी धरून चालले. सासूचंही कुणाला सापडलं नव्हतं.

पुढचं जे झालं ते देवळात. आमच्या आळीच्या टोकाला देवीचं देऊळ आहे. मंगळवारी दिवेलागणीला आरती असते, तिथं मी आधीपासून जायची. इतके दिवस मी घंटेला हात लावत नव्हते, कारण ती उंच टांगलेली आहे. त्या मंगळवारी गर्दी होती. मागून रेटा आला, मी पुढं ढकलले गेले, आणि सवयीनं हात वर गेला. हाताबरोबर मान गेली. घंटा वाजली आणि देवळाचा घुमट फिरायला लागला.

मी खांबाला मिठी मारली. डोकं स्थिर ठेवायला बघत होते, पण ते आपोआप एका बाजूला ओढलं जात होतं. तोंडातून घूं घूं असा आवाज निघत होता, ओकारी दाबल्याचा. भोवती टाळ, ढोल, धूप. जाऊ माझ्या शेजारीच होती.

"आली गं बाई!" ती ओरडली. "आक्काच्या अंगात आई आली! सरा, वाट द्या!"

"आगं, मला धर," मी म्हणाले. ढोलात ते कुणाला ऐकू गेलं नसावं.

कुणीतरी माझ्या कपाळभर कुंकू फासलं. कुणी अंबाड्याचा आकडा काढून केस मोकळे सोडले. एका बाईनं माझे पाय धरले. ती आमच्याच आळीतली, तिचा मुलगा चाकणला कंपनीत कंत्राटावर होता. "आई," ती म्हणाली, "माझं पोरगं किती वर्सं राबतंय. त्याला परमनंट करतील का गं? सांग ना आई."

मला खाली वाकता येईना, पाय सोडवता येईना. ओकारी गळ्यापर्यंत आली होती. "व्हय," मी म्हणाले. "व्हईल. सोड पाय."

"व्हईल म्हनली! आई व्हईल म्हनली!"

मी ओकले ते थेट जावेच्या पदरावर. तरीही कुणाचा विश्वास ढळला नाही. दुसऱ्या दिवशी जावेला विचारलं, देवी असती तर मला ओकारी कशाला आली असती? ती म्हणाली, "जड देवता हाय. सोसत न्हाई." मग जरा रुसून म्हणाली, "इतकी वर्सं देवळाची झाडलोट मी करते, आन आली तुज्या अंगात."

"घेऊन जा की मग तू."

"आसं बोलू नये आक्का." आणि तिनं स्वतःच्या गालावर बोटं मारून घेतली.

तिनंच मला ताकीद दिली, आता गोळ्या बंद कर, देवीला कुणी डाक्टर दाखवतं व्हय? मी गोळ्या बंद केल्या. तशाही त्या उपयोगाच्या नव्हत्या.

आणि त्या पोराला कंपनीनं खरंच परमनंट केलं. त्याची आई खण-नारळ घेऊन आली, विधवेची भरत नाहीत तरी देवीची म्हणून माझी ओटी भरली आणि अंगणात सगळ्यांना ऐकू जाईल अशी रडली. पुढच्या मंगळवारी चार बायका जास्त आल्या, त्याच्या पुढच्या मंगळवारी आणखी. कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाच्या नवऱ्याची दारू, कुणाचा जमिनीचा वाद. सगळ्यांना माझी चक्कर हवी होती.

खरं सांगायचं तर मलाही काही दिवस ते बरं वाटलं. मान मिळतो म्हणून नव्हे. मला वाटायचं, हे देवीचं असेल तर लकवा नाही. देवी येते आणि जाते, माणसाला अंथरुणात सोडून जात नाही. रात्री उजव्या कुशीवर पडून मी हेच घोकायची. पाठीमागं ती गोधडीची वळकटी असायची, तिच्यामागं भिंत. मग मनात यायचं, देवी फक्त डाव्या कुशीवरच कशी येईल? उजवीकडून यायला तिला कोण अडवतंय? आणि झोप उडायची.

बायकाही काही कमी हुशार नव्हत्या. घंटा वाजवली की आक्काला येते, हे त्यांनी बरोबर हेरलं. मग त्या मला ओढत घंटेखाली न्यायच्या. "वर बघ आई, वर बघ." मी मान खाली घालून उभी राहायची. माझी चक्कर जाऊ नये असं वाटणारी माणसं आता माझ्याभोवती जमली होती, आणि त्यांच्यात माझी जाऊसुद्धा होती. मोठ्या रस्त्यावरून धडधडत जाणाऱ्या कंटेनरच्या ट्रकचीसुद्धा मला तेवढी भीती वाटली नाही जेवढी त्या बायकांच्या हातांची वाटायला लागली. मंगळवार आला की दुपारपासून मी दाराला आतून कडी लावून बसायची. जायचं नाही असं ठरवलं तर त्या घरी यायच्या.

शेवटच्या मंगळवारी एकीनं मागून माझी हनुवटी धरून वर केली. प्रेमानंच केली असेल. मी घंटा बघितली, घंटेच्या आतली जीभ बघितली, आणि मग वरचं खाली झालं. खांब माझ्यापासून लांब होता. मी देवळाच्या पायरीवर पडले, भुवई फुटली. डोळ्यात रक्त उतरलं. उठायला गेले तर डावा पाय हलेना.

सासूचा चेहरा तेव्हा मला स्पष्ट दिसला. म्हटलं, झालं. आलो आपण तिथंच. मी पायाला सांगत होते, हल, आणि तो ऐकत नव्हता. ढोलवाला थांबला होता. मग पायाकडून जावेचा आवाज आला, "आक्का, जरा सरक की, मी हाये." ती मला धरायला आली होती आणि माझ्या पायावर पडली होती. ती उठली आणि पाय हलला. मी तिला शिव्या दिल्या. तिलाच वाटलं, देवी रागावली.

सून त्या दिवशी ऑफिसातून थेट आली. भुवईला टाके घालून झाले होते. माझी सून फार बोलत नाही, मीही बोलत नाही, म्हणून आमचं ठीक चालतं. तिनं अंगणात उभं राहून जावेला सगळं विचारलं. कधी होतं, काय केल्यावर होतं, किती वेळ राहतं. जावेनं मोठ्या अभिमानानं सांगितलं, घंटा वाजवायला मान वर केली की लगेच येते, आणि दूध उतू जायला लागतो तेवढ्या वेळात जाते. मग सून माझ्या खोलीत आली. भिंतीवरचा पट्टा बघितला, खाली आणलेले डबे बघितले, पलंगावरची वळकटी उचलून बघितली.

"ही कशाला?"

"डावीकडं वळू नये म्हणून."

"कधीपासून?"

मी वळकटी तिच्या हातातून घेऊन परत जागेवर कोंबली. सून दवाखान्याची फाइल काढून वाचत बसली. मग म्हणाली, "अहो आई, त्या डॉक्टरांनी कान दाखवायला सांगितलं होतं. मी उद्या सुट्टी टाकलीय."

"कानाला काय झालंय?"

"मला माहीत नाही. पण उद्या जायचंय."

कानाची डॉक्टर बुटकी, जाडसर बाई होती. आवाज पोलिसासारखा. मी सांगायला सुरुवात केली तर अर्ध्यावर तिनं विचारलं, "कोणत्या कुशीवर?"

"डाव्या."

"मान वर केल्यावर? कपडे वाळत घालताना?"

"घंटा वाजवताना," सून म्हणाली.

डॉक्टरनं एकदा दोघींकडे बघितलं. मग तिनं सांगितलं की कानाच्या आत तोल सांभाळायची एक जागा असते. तिथं अगदी बारीक खडे असतात. ते सुटून भलत्याच नळीत गेलेत. कूस वळली किंवा मान वर केली की ते घरंगळतात आणि मेंदूला वाटतं आपण फिरतोय.

"लकवा?" मी विचारलं.

"नाही."

"माझ्या सासूलाही असंच सुरू झालं होतं. मग ती उठलीच नाही."

"सासूबाईंना काय झालं होतं ते मला सांगता येणार नाही, आजी. मी तुमचं सांगते. हा लकवा नाही. पण चक्कर येऊन पडलात आणि हाड मोडलं तर तुम्हीही उठणार नाही. म्हणून हे काढायला हवं."

ती गोड बोलली नाही हे बरं झालं. गोड बोललेलं मला खरं वाटत नाही. मी विचारलं, गोळ्या किती दिवस? ती म्हणाली, गोळ्या नाहीत. त्या खाटेवर बसा. मी तुमची मान डावीकडे वळवणार आणि तुम्हाला झटक्यात मागे पाडणार, डोकं खाटेच्या कडेबाहेर.

"डावीकडं मी वळत नाही," मी म्हणाले.

"म्हणूनच."

"उजवीकडून नाही का होत?"

"खडे डावीकडे आहेत."

मी खाली उतरायला लागले. सून दारात उभी होती. ती म्हणाली, "आई, हे नको असेल तर चौदावा मजला आहे." एवढंच. मी परत वर बसले.

सून जवळ आली, तिचं मनगट मी धरलं. डॉक्टरनं माझं डोकं दोन्ही हातांत घेतलं आणि म्हणाली, "काही झालं तरी डोळे मिटायचे नाहीत. मला डोळे बघायचेत." आणि तिनं मला पाडलं.

इतके दिवस ज्याच्यापासून पळत होते ते सगळं एकदम आलं. छत, दिवा, डॉक्टरचा चेहरा, सगळं एका बाजूनं सांडायला लागलं. मी ओरडले. काय ओरडले ते सुनेनं नंतर सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. डोकं कडेबाहेर लोंबत होतं, खाली काही नव्हतं, आणि ती बाई म्हणत होती, "उघडे ठेवा, उघडे ठेवा, छान." मला छान काहीच दिसत नव्हतं. मला वाटत होतं, ही मला इथंच मारणार. मग ते हळू झालं. थांबलं. तिनं डोकं उजवीकडे फिरवलं, थांबली. मग मला अख्खी उजव्या कुशीवर केलं, नाक जमिनीकडे. पुन्हा जरा गरगरलं. मग उठवून बसवलं. मी भांड्यात ओकले.

"आई, हात सोडा आता," सून म्हणाली.

"सोडते. जरा थांब."

तिच्या मनगटावर माझ्या नखांच्या लाल कोरी उमटल्या होत्या.

घरी आले. काही दिवस चक्कर आली नाही. म्हणजे मान चुकून वर गेली तरीही आली नाही. तरी मी उजव्याच कुशीवर झोपायची. वळकटी काढली नाही, पलंग हलवला नाही. चक्कर गेली होती, भीतीला कुणी पाडून फिरवलं नव्हतं. देवळात मी घंटेपासून दूर, चपलांच्या कोपऱ्यात बसायला लागले. जाऊ म्हणाली, "डाक्टरनं आईला घालवली." ती मनातून हिरमुसली होती. परमनंट पोराची आई मात्र अजून संक्रांतीला माझी ओटी भरते. मी नको म्हणत नाही, तिचं तिच्यापाशी.

डॉक्टरनं सांगितलं होतं की हे पुन्हा होऊ शकतं. दिवाळीच्या आधी झालं. फराळाची मोठी कढई माळ्यावर होती, मी वर बघितलं, आणि माळा चालायला लागला. या वेळी दाराची चौकट हाताशी होती म्हणून पडले नाही. पण मुलगा तेव्हा घरात होता, त्यानं बघितलं.

"बस झालं आता," तो म्हणाला. "चल तिकडे. एक बाई ठेवू दिवसभर."

"चौदाव्या मजल्यावरून पडले तर कुणी देवीसुद्धा म्हणणार नाही."

"आई, मी मस्करी करत नाहीये. तू इथं एकटी पडून राहिलीस तर कळणार कुणाला?"

मीही रोज स्वतःला तेच विचारत होते. सुनेनं मार्ग काढला. डॉक्टरनं केलं ते घरी स्वतःचं स्वतः करता येतं, खांद्याखाली उशी घेऊन. चक्कर परत आली की रोज सकाळी ते करायचं, जाईपर्यंत. आणि जावेनं रोज सकाळी माझ्या खिडकीशी येऊन हाक मारायची. मी ओ दिली नाही तर जावेनं मुलाला फोन करायचा. आणि फोन झाला की मी एक शब्द न बोलता वाकडला जायचं.

मुलगा तयार झाला. जाऊ तर फारच तयार झाली. "आक्का, मी खोटं बोलायची न्हाई हं. ओ आली न्हाई तर फोन."

"आधी नीट ऐकायला शीक," मी म्हणाले.

पहिल्या सकाळी मी उठून बसले. पलंग भिंतीला होता. भिंतीकडे पडायचं म्हणजे डोकं आपटणार, तेव्हा पलंग सरकवणं आलं. तो सरकवताना खालून धुळीचा एक लांबट पट्टा निघाला, एक माणूस आडवं मावेल एवढा. सासूची खाट बरोबर तिथंच असायची. मी त्यावर पाय न देता पलीकडून गेले. वळकटी काढून कोपऱ्यात टाकली. उशी मागं ठेवली. मग बसून राहिले. मागं पाडायला डॉक्टर नव्हती, धरायला मनगट नव्हतं. स्वतःला स्वतः पाडायचं होतं, आणि हात तयार होत नव्हते. दारावरून कंपन्यांच्या बस एकामागोमाग गेल्या. नळाचं पाणी आलं आणि गेलं.

मग मान डावीकडे वळवली आणि पडले.

खोली निघाली. पत्रा वर चढला, पंखा त्याच्यामागं. मी डोळे उघडे ठेवले. दोन्ही हातांत चादर होती, गज हाताला लागत नव्हता. आणि तेवढ्यात खिडकीतून हाक आली.

"आक्का! हायेस का?"

मला तोंड उघडवेना. उघडलं तर ओकारी येणार. उठावं तर डॉक्टरनं सांगितलं होतं, मधेच उठायचं नाही, आणि उठले असते तर खाली पडले असते, त्या धुळीच्या पट्ट्यावर.

"आक्का? आगं ए आक्का!"

खिडकीच्या गजांत तिचं डोकं फिरत होतं, एकाची चार डोकी झालेली.

"फोन लावते हं मी! लावते बरं का!"

"हाय," मी म्हणाले. ते फार हळू आलं. मग पोटातून जोर केला. "हाय! लावू नगंस!"

"मग बोलत का न्हाईस?"

"तोंडात मिसरी हाय!"

"आडवी पडून मिसरी लावतीस व्हय?"

"तुला काय करायचंय? जा, तुज्या दारात कुत्रं शिरलंय."

ती गेली. कुत्रं होतं की नव्हतं मला माहीत नाही. मी हलले नाही. डावी कूस माझ्या खाली होती आणि मी तिच्यावर पडून होते, इतक्या दिवसांनी. ही चक्कर आता थांबलीच नाही तर, असं एकदा वाटलं. मग पंखा जरा अडखळला. मग पत्रा. देवाचा फोटो सगळ्यात शेवटी जागेवर आला, आणि तरीही जरा वाकडाच राहिला. तो खिळाच वाकडा आहे.

मी थोडी थांबले आणि मान उजवीकडे वळवली.